सरांचं जांभूळ

माझ्या मावशीला कॉलेजातली मुलं ब्लेडबाई म्हणायची. तोंडावर नव्हे अर्थात, पण तिला ते ठाऊक होतं आणि त्याचा रागही नव्हता. "खोटं काय आहे त्यात?" म्हणायची. तिच्या पर्समध्ये कंगवा सापडायचा नाही, पण दाढीचं ब्लेड, कागदात नीट गुंडाळलेलं, हमखास सापडायचं. ती वनस्पतिशास्त्र शिकवायची आणि उरलेल्या वेळात पानं कापायची.

जांभूळ, पेरू, लवंग, निलगिरी ही सगळी एकमेकांची नातलग आहेत, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. फार मोठं घराणं आहे ते, आणि त्यातली सगळी मंडळी पानात तेल बाळगून असतात. पान उजेडासमोर धरलं की टाचणीने टोचल्यासारखे बारीक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या पिशव्या. आम्ही लहान असताना मावशी आम्हाला खिडकीशी उभं करून ते ठिपके दाखवायची, मग तेच पान चुरगळून हुंगायला द्यायची. "घराणं नाकाला कळतं," ती सांगायची, "पण घराण्यातला नेमका कोण, ते आत शिरल्याशिवाय नाही कळत."

आत शिरायचं म्हणजे कापायचं. गाजराला चीर पाडून त्यात पानाचा तुकडा बसवायचा आणि गाजरासकट इतके पातळ काप काढायचे की बशीतल्या पाण्यात ते दिसतायत की नाही अशी शंका यावी. त्यातला एखादाच कामाचा निघतो. तो रंगात बुडवायचा, काचेवर ठेवायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचा. मावशीच्या डाव्या अंगठ्यावर बारीक पांढऱ्या रेघांचं जाळं झालं होतं. घरात गाजरं किलोने यायची आणि कुणाच्या पोटात म्हणून जायची नाहीत.

काका, म्हणजे तिचे यजमान, घड्याळं दुरुस्त करायचे. इमारतीच्या जिन्याखाली एक टेबल मावेल एवढं त्यांचं दुकान होतं. डोळ्याला भिंग लावून बसलेले असले तरी बोलणं चालूच. "लग्न ठरवताना हिच्या घरच्यांनी विचारलं होतं, मुलाला काही व्यसन आहे का," ते गिऱ्हाइकांना सांगायचे. "मी म्हटलं, नाही. मुलीचं विचारायचं आमच्याकडून राहून गेलं."

मावशीने पीएचडी करायचं ठरवलं तेव्हा तिची तिशी कधीच उलटून गेली होती. मार्गदर्शक होते सर. सर म्हणजे विभागाचे प्रमुख. त्यांना नावाने कुणी ओळखतच नसे, नुसतं सर म्हटलं की पुरे. उंच, ताठ, आवाज असा की शेवटच्या बाकावरचाही पेंगायचा थांबावा. मावशीला वनस्पतिशास्त्राची गोडी त्यांनीच लावली होती. आणि सरांची स्वतःची एक कीर्ती होती. गावाच्या कडेला जुना तलाव आहे, त्याच्या दगडी बांधावर जांभळाच्या घराण्यातल्या झाडांच्या दोन ओळी होत्या. तरुणपणी सरांनी त्या झाडांचा अभ्यास केला, ती जगात दुसरीकडे कुठेच नाहीत असं दाखवलं आणि त्यांना नवी जात म्हणून नाव दिलं. बांधावर तशी पाटी लागली. कॉलेजच्या कॅलेंडरवर त्या झाडाचं चित्र आलं. लोक त्याला 'सरांचं जांभूळ'च म्हणू लागले.

कॉलेजच्या वनस्पतिसंग्रहात लोखंडी कपाटं होती. त्यात वाळवलेल्या फांद्या कागदांवर चिकटवून ठेवलेल्या. जांभूळवर्गाच्या कपाटातला सगळ्यात जाड गठ्ठा होता 'अनिश्चित' झाडांचा. कारण साधं होतं. डोंगरातली ती झाडं उंच, फुलतात क्वचित, ज्याला जशी मिळाली तशी त्याने बिनफुलांची फांदी आणलेली. आणि झाड ओळखायचं तर फूल हवं, हा नियम. गठ्ठ्यावर धूळ साठत होती.

"मी ही पानांवरून ओळखणार," मावशी सरांना म्हणाली.

सर हसले. "अगं, पानाचा काय भरवसा? उन्हात एक, सावलीत दुसरं. खडकावर अरुंद, गाळात रुंद. फुलासारखं प्रामाणिक नसतं ते."

"बाहेरून नसेल, सर. आतून बघते ना मी."

"आतूनही बदलतं."

"काय बदलतं आणि काय नाही, तेच आधी शोधते मग."

"दुसरा विषय घे. हा तुला गाळात नेईल."

"जाते गाळात. तिथे पानं रुंद मिळतील."

सरांना उलट उत्तराची सवय नव्हती, पण मावशीचं उत्तर त्यांना आवडलं असावं, कारण त्यांनी विषयाच्या अर्जावर सही केली.

पुढची काही वर्षं तिने एकच धोशा लावला. एकाच झाडाच्या शेंड्याचं पान, बुडाचं पान, उन्हातलं, सावलीतलं, कोवळं, जून, किडलेलंसुद्धा. सगळी कापायची आणि आत काय टिकतं ते बघायचं. पानाची जाडी बदलायची, थर कमीजास्त व्हायचे. ते तिने सोडून दिलं. पण तीन गोष्टी हटायच्या नाहीत. तेलाच्या पिशवीवर पेशींचं झाकण असतं. कुणाचं झाकण एकच गोल पेशी, कुणाचं दोन पेशी मिळून. मधल्या शिरेच्या आतला रस वाहणारा पट्टा कुणाचा उघड्या कमानीसारखा, कुणाचा पूर्ण बंद कडं. आणि पेशींतले खडे कुठे फुलासारखे, कुठे पेटीसारखे चौकोनी. झाड खडकावर असो की गाळात, झाकण, पट्टा आणि खडे आपल्या जातीला धरून राहायचे. "एवढ्यात काय कळणार?" असं कुणी म्हटलं की ती म्हणायची, "तुमच्या तोंडावरही दोन डोळे, एक नाक आणि एक तोंडच आहे. तरी तुमची आई तुम्हाला ओळखते ना?"

विभागात तिची चेष्टा व्हायची. पण अनिश्चितचा गठ्ठा हळूहळू बारीक होत चालला होता. तिने पानावरून ठरवलेली डोंगरातली काही झाडं पुढे फुलली, आणि फुलांनी तिचंच म्हणणं खरं केलं. तेव्हा सरांनी तिची परीक्षा घ्यायची ठरवली.

त्यांनी संग्रहातल्या नाव पक्कं असलेल्या कागदांवरून पानांचे तुकडे काढले, पाकिटांत घातले आणि पाकिटांवर फक्त अक्षरं टाकली. "नावं सांग. सगळ्या विभागासमोर." मावशीने वाळके तुकडे पाण्यात उकळून मऊ केले, कापले, आणि ठरलेल्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेत उभी राहिली. सर एकेक अक्षर उच्चारायचे, ती नाव सांगायची, सर हातातल्या कागदावर बघून मान डोलवायचे. चेष्टा करणारे गप्प झाले होते. सरांचा चेहरा खुलत चालला होता. शेवटी विद्यार्थिनी त्यांचीच होती.

"आणि हे शेवटचं," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात जरा खोडकरपणा होता, असं तिथे असलेल्या सहकाऱ्यांनी काकांना नंतर सांगितलं.

"रानजांभूळ," मावशी म्हणाली.

सरांची मान हलली नाही. "परत बघ."

"बघितलंय, सर. तीनदा कापलंय. झाकण दोन पेशींचं, पट्टा बंद, खडे फुलासारखे. रानजांभूळच."

रानजांभूळ म्हणजे या घराण्यातलं सगळ्यात सामान्य झाड. कुठल्याही ओढ्याकाठी, कुठल्याही कुंपणात.

"चूक," सर म्हणाले. "ते माझं आहे. तलावाच्या बांधावरचं."

सरांनी स्वतःच्या झाडाचं पान मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. सगळ्यांसमोर ते वेगळं ठरावं आणि मावशीच्या पद्धतीवरही शिक्कामोर्तब व्हावं, अशी त्यांची कल्पना होती. मावशीला ते काही माहीत नव्हतं. तिने शेवटचं पाकीट उचलून घेतलं. मग म्हणाली, "मी परत बघते, सर. ताजी पानं आणून."

"बघ. आणि बघून झालं की चूक झाली म्हणून लिही."

त्या संध्याकाळी ती घरी आली ती थेट जिन्याखालच्या दुकानात. काकांनी भिंग काढलं. सगळं ऐकून घेतलं. "चूक झाली असेल का?" त्यांनी विचारलं.

"झाली असती तर बरं झालं असतं," मावशी म्हणाली.

तिने पुन्हा सगळं केलं. बांधावरच्या प्रत्येक झाडाची पानं आणली, दूरदूरच्या रानजांभळांची आणली, दोन्ही शेजारीशेजारी ठेवून कापली. आत काडीचा फरक नव्हता. सरांनी जो फरक सांगितला होता तो सगळा बाहेरचा होता. अरुंद पान, आखूड देठाचे घोस, लहान फळ. दगडातल्या फटीत वाढणाऱ्या झाडाचा हा उपाशीपणा असेल, असा तिला संशय आला. तिने बांधावरच्या झाडांच्या बिया कॉलेजच्या बागेतल्या चांगल्या मातीत लावल्या. रोपं वाढली, हातभर झाली, पुरुषभर झाली. पानं आली ती चांगली पसरट, कुठल्याही ओढ्याकाठच्या रानजांभळासारखी.

तिने सरांना बागेत नेऊन ती रोपं दाखवली. सरांनी एक पान तोडलं, उलटसुलट केलं आणि खिशात घातलं.

"प्रबंधात हे प्रकरण घालू नकोस," ते म्हणाले.

"प्रबंधात नाही घालत. तो तुमच्या सहीने जायचाय. वेगळा लेख लिहीन. माझ्या नावाने."

"माझ्या हयातीत?"

मावशी म्हणाली, "सर, जे दिसतं ते लिहायचं, हे तुम्हीच पहिल्या तासाला फळ्यावर लिहिलं होतंत. तेव्हा खाली 'माझी झाडं सोडून' असं काही नव्हतं."

सर पाठ फिरवून निघून गेले. प्रबंधावर त्यांनी सही केली, त्यात आडकाठी आणली नाही. तेवढे ते मोठे होते. पण त्या दिवसापासून बोलणं बंद.

लेख लिहून, तपासून, पाठवून छापायची वेळ यायला बराच काळ गेला. तोवर गावात भलतंच सुरू झालं. तलावाच्या बांधाला लागून जाणारा रस्ता रुंद करायचं ठरलं, आणि त्यात झाडांच्या दोन्ही ओळी जाणार होत्या. लोक उभे राहिले. पुढारीपण केलं मावशीच्या शेजारणीने. ती शाळेची मुख्याध्यापिका, म्हणून सगळे तिला हेडबाई म्हणत. खणखणीत बाई. दोघींचं इतकं गूळपीठ की एकीच्या घरची साखर संपली तर दुसरीने डबाच आणून ठेवायचा. हेडबाईंच्या सगळ्या लढ्याचा आधार एकच होता. ही झाडं जगात दुसरीकडे नाहीत. पत्रकांवर तेच, फलकांवर तेच. सुनावणीची तारीख लागली, आणि नेमका त्याच सुमारास वनस्पतिशास्त्राच्या मासिकाकडून निरोप आला की लेख पुढच्या अंकात येतोय.

हेडबाई धावत आल्या. "मागे घे तो."

"का?"

"का म्हणून काय विचारतेस? झाडं मरतील तुझ्या लेखाने! सुनावणी होईपर्यंत थांबव. मग छाप की खुशाल."

"म्हणजे आधी खोटं सांगून झाडं वाचवायची, आणि मग खरं छापायचं."

"खोटं कुठे? तुझे सर सांगतायत ना. तू फक्त गप्प बस."

"गप्प बसणं मला कधी जमलंय? तूच सांग."

"ही चेष्टेची वेळ आहे?"

"मी चेष्टा नाही करत," मावशी म्हणाली. "मी झाडांसाठी तुझ्याबरोबर रस्त्यावर बसते. कुऱ्हाडीपुढे उभी राहते. पण ते झाड जे नाही ते आहे, असं म्हणणार नाही. उद्या मी डोंगरातलं एखादं खरंच दुर्मीळ झाड दाखवलं तर माझ्यावर विश्वास कोण ठेवेल?"

हेडबाई उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "तुला झाडांचं प्रेम नाहीच. तुला तुझ्या कापांचं आहे." दार त्यांनी जोरात लावलं नाही, पण मावशीला ते तसंच ऐकू आलं.

काका म्हणाले, "मागे घ्यायचाय का?"

"तुम्हालाही तेच वाटतं?"

"मला काही वाटत नाही. घड्याळ चुकीचं चाललंय हे कळल्यावर ते तसंच गिऱ्हाइकाला परत देता येत नाही, एवढंच मला माहितेय. पण मग गिऱ्हाईक चिडतं. त्याची तयारी ठेव."

लेख छापून आला. सुनावणीला नगरपालिकेचा हॉल गच्च भरला होता. मी मावशीशेजारीच बसले होते, आणि आमच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. पहिल्या रांगेत सर, त्यांच्याजवळ हेडबाई. रस्ता विभागाचा इंजिनीअर उठला आणि त्याने मावशीचा लेख फडकवला. "ही आमची नव्हे, त्यांच्याच कॉलेजची बाई आहे," तो म्हणाला. "ही लिहितेय की हे सामान्य रानजांभूळ आहे. मग प्रश्न राहिलाच कुठे?" हॉलमध्ये मागून कुणीतरी "फितूर!" असं ओरडलं.

मावशी उभी राहिली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. ऐकणारे अधिकारी वयस्कर, चष्मा कपाळावर ढकललेला. ते म्हणाले, "बाई, एका वाक्यात सांगा."

"झाड साधं आहे आणि ते तोडू नका."

हशा पिकला. इंजिनीअर म्हणाला, "अहो, साधी झाडं रोज तुटतात. तुम्हीच लिहिलंय, ही जात सगळीकडे मिळते."

"माणूसही सगळीकडे मिळतो. म्हणून तुम्ही त्याच्या अंगावर गाडी घालता का? माझ्या लेखात झाडाचं नाव काय, एवढंच आहे. त्याचं काय करायचं ते नाही. ते तुम्ही त्यात घुसडलंत."

मग सर उठले. त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही. "ती माझी विद्यार्थिनी आहे," ते म्हणाले. "तिचा हात चांगला आहे. पण ती चुकली आहे. ती झाडं मी उभा जन्म बघत आलोय."

अधिकाऱ्यांनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. मग सावकाश म्हणाले, "म्हणजे तज्ज्ञांत मतभेद आहे. बाई, तुम्ही एवढंच म्हणालात की याबाबत शंका आहे, तरी मला झाडांच्या बाजूने विचार करता येईल."

हेडबाई वळल्या. त्यांनी हात जोडले नाहीत, पण त्यांचे डोळे जोडलेल्या हातांसारखेच होते. एक शब्द. कुणाचंच नुकसान नव्हतं त्यात. सरांचा मान राहिला असता, मैत्री राहिली असती, झाडं राहिली असती. मी मावशीकडे बघितलं.

"सरांना शंका असेल," ती म्हणाली. "मला नाही."

हॉलमध्ये एकच कल्लोळ झाला. ती आवाज चढवून बोलतच राहिली. "मला जे माहीत आहे ते मी सांगितलं. आता जे माहीत नाही ते विचारते. ही झाडं दगडी बांधात उभी आहेत. त्यांची मुळं दगडांतून गेलीत, मी बिया गोळा करायला गेले तेव्हा बघितलंय. झाडं काढलीत तर बांध उभा राहील का? मला दगडातलं काही कळत नाही. तुमच्याकडे कुणी तपासलंय?"

अधिकाऱ्यांनी इंजिनीअरकडे बघितलं. इंजिनीअरने कागद चाळले. "त्याची आवश्यकता वाटली नव्हती," तो म्हणाला.

"वाटू द्या," अधिकारी म्हणाले. बांधाची तपासणी होईपर्यंत काम थांबवायचा हुकूम त्यांनी तिथेच दिला.

तपासणी झाली. पाण्याकडच्या ओळीची मुळं बांधाला धरून होती, ती काढली तर बांध ढासळेल असं निघालं. ती ओळ राहिली. रस्त्याकडची ओळ तोडायची ठरली. अर्धी झाडं वाचली ती मावशीमुळे, की अर्धी गेली ती मावशीमुळे, यावर आमच्या गल्लीत अजूनही दोन तट आहेत.

तोडायच्या दिवशी हेडबाई आणि त्यांची माणसं रस्त्याच्या पलीकडे मूकपणे उभी होती. मावशी सकाळीच पिशवी, कागद आणि कात्री घेऊन गेली. झाड आडवं झालं की ती त्याच्या शेंड्याकडे जायची. एरवी कधी हाताला न लागणारी वरची पानं, कळ्या, फळं गोळा करायची. लाकडाचा तुकडा मागून घ्यायची. पलीकडून कुणीतरी म्हणालं, "गिधाड बघा." तिला ऐकू गेलं. तिने मान वर केली आणि मोठ्याने म्हणाली, "हो! मेलेल्याचं काही वाया जाऊ देत नाही मी." आणि पुन्हा वाकली.

घरी आल्यावर ती बेसिनशी उभी राहिली. चीक लागला होता हातांना. साबण संपेपर्यंत ती हात धूत होती, असं काकांनी सांगितलं. त्यांनी मागून जाऊन नळ बंद केला तेव्हा तिचा चेहरा सगळा ओला होता, आणि तो पाण्याने नव्हता. "मी बरोबर होते," ती म्हणाली. काका म्हणाले, "होतीस ना. म्हणून काय रडायचं नाही?"

हेडबाईंच्या घरून साखरेचा डबा पुन्हा आला, पण मध्ये कित्येक वर्षं गेली. सर मात्र आलेच नाहीत. त्यांचं भांडण दुसऱ्या जागी सुरू झालं होतं.

वनस्पतिसंग्रहात एक पद्धत असते. कागदावरचं जुनं नाव कितीही चुकीचं वाटलं तरी ते खोडायचं नाही. त्याच्या शेजारी छोटी चिठ्ठी चिकटवायची, त्यावर आपल्या मते नाव काय ते लिहून खाली सही करायची. बांधावरून आणलेल्या पहिल्या फांदीच्या कागदावर, सरांच्या तरुणपणच्या वळणदार अक्षराखाली, मावशीने चिठ्ठी लावली: 'रानजांभूळ. पानाच्या छेदावरून.' सर निवृत्त झाले होते, पण संग्रहात अधूनमधून यायचे. त्यांनी ती बघितली. त्यांनीही आपली चिठ्ठी लावली: 'पूर्वीचेच नाव योग्य. फळावरून.' मावशीने पुढच्या खेपेला तिसरी लावली: 'बागेतल्या रोपांची फळे मोठी आहेत. पाहावीत.' सरांची चौथी: 'पाहिली. मत बदललेले नाही.'

वर्षानुवर्षं हे चाललं. समोरासमोर दोघं नजर टाळायची आणि कागदावर कडाकडा भांडायची. शेवटी त्या कागदावर फांदी कमी आणि चिठ्ठ्या जास्त दिसू लागल्या. एकदा संग्रहाची देखभाल करणाऱ्याने सांगितलं की सर आले होते, मायक्रोस्कोप मागितला, आणि मावशीच्या स्लाइडी काढून दुपारभर बघत बसले. मावशी तशीच कपाटाकडे गेली. त्या वेळी सरांनी लावलेली चिठ्ठी होती: 'छेद उत्तम आहेत. तरीही नाही.'

ती शेवटची ठरली. सर त्यानंतर आजारी पडले आणि गेले. त्यांच्या आजारपणात मावशी घरी जाऊन आली होती, पण तिथे काय बोलणं झालं ते तिने कुणालाच सांगितलं नाही.

पुढे कॉलेजात नवीन प्रमुख आले. तरतरीत, भल्या मनाचे. त्यांनी सगळ्या कागदांचे फोटो काढून संगणकावर चढवायचं काम हाती घेतलं आणि मावशीला बोलावलं. मावशी तेव्हा निवृत्त झाली होती, मी तिला घेऊन गेले.

"हा एक कागद फार विचित्र दिसतो," प्रमुख म्हणाले. "सगळ्या जगाला दिसणार तो. तुमचं म्हणणं आता सगळीकडे मान्य झालंय, बाई. एक तुमची चिठ्ठी ठेवू आणि बाकीच्या अलगद काढून पाकिटात घालू. सरांचंही हसं व्हायला नको."

"हात लावायचा नाही," मावशी म्हणाली.

"अहो, पण तुमच्याच बाजूने—"

"माझी बाजू मी बघेन. एकही चिठ्ठी निघणार नाही. त्यांच्या तर मुळीच नाही. हसं कसलं? एवढं नेटाने भांडायला त्यांच्यानंतर मला कुणी भेटलेलं नाही."

प्रमुखांनी माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. तिच्या तोंडी लागण्यात अर्थ नव्हता.

मावशीने कागद टेबलावर ओढून घेतला. सरांच्या शेवटच्या चिठ्ठीचा कोपरा सुटला होता. तिने डिंकाची बाटली मागवली, काडीने कोपऱ्याखाली डिंक लावला आणि अंगठ्याने दाबून धरला. मग पर्समधून कोरी चिठ्ठी काढली. कागदावर जागा उरली नव्हती. तिने अगदी खालच्या कडेला ती आडवी बसवली. हात आता थरथरायचा, अक्षर वाकडं आलं. लिहून झाल्यावर तिने सही केली, तारीख घातली आणि कागद प्रमुखांकडे सरकवला.

"आता काढा फोटो," ती म्हणाली.

मी वाकून वाचलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'रानजांभूळच, सर.'